फरशीला ढाळ कशाला होता, दावीद?

दावीद, भिंतीत कड्या सापडल्या. लोखंडी, अंगठ्याएवढ्या जाड, गुडघ्याच्या जरा वर, चर्चच्या दोन्ही लांब भिंतींना ओळीनं. तुझी माती झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात गवंड्यानं सिमेंटचा गिलावा उतरवायला घेतला आणि त्याची छिन्नी खणकन वाजली. मी पोलादपुराहून नुकताच येऊन अंगणात मोटारसायकल लावत होतो. त्यानं आतून हाक मारली, "साहेब, हितं काय तरी हाय." मी धावत आत गेलो, बघितलं, आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर खिशातून फोन काढून तुझा नंबर लावला. दोनदा वाजल्यावर मार्थावहिनींनी उचलला. त्याच म्हणाल्या, "भावजी, मी हाय. बोला."

मातीच्या दिवशी तुझ्याबद्दल लोक बरंच बोलले. पाळकसाहेबांनी तुझी सेवा सांगितली, शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांनी तुझी शिस्त सांगितली, आणि कुणीतरी तुला चक्क अजातशत्रू म्हणालं. मी मागं उभा होतो, मला त्या प्रसंगातही हसू आलं. अजातशत्रू! उभा जन्म माझ्याशी भांडण्यात घालवलेला माणूस. महाडच्या शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासून आपलं कशावर एकमत झाल्याचं मला आठवत नाही. मी बौद्ध, तू ख्रिस्ती. देव आहे की नाही हा वाद मिसरूड फुटायच्या आधी सुरू झाला. त्याचं उत्तर आता तुला कळलं असेल, पण मला कळवायची सोय नाही, हा तुझा नेहमीचा अन्याय. तू मास्तर झालास, मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. नाताळला तुझ्याकडच्या करंज्या माझ्याकडे यायच्या आणि मार्चात तळ्यावरच्या कार्यक्रमाला तू माझ्याबरोबर यायचास, आणि परतताना माझ्या भाषणातल्या चुका काढायचास. मला तू 'नाक' म्हणायचास. जिथं तिथं खुपसलेलं असतं म्हणून.

तर हे नाक तू तुझ्या चर्चमध्ये स्वतःच्या हातानं आणून खुपसलंस, हे विसरू नकोस. सावित्रीकाठच्या तुझ्या गावात टेकाडावर उभं असलेलं ते काळ्या दगडाचं, कौलारू, छपराखाली सागाच्या कैच्या असलेलं चर्च. मंडळी म्हणजे बोटांवर मोजावीत एवढी घरं, तरणी पोरं मुंबईला, पाळक महिन्यातून एकदा महाडहून येणार. पण आठवडाभर ते दार उघडं असायचं. सकाळी बालवाडी, दुपारी वहिनींचा शिवणवर्ग, परीक्षा आल्या की पोरांचा अभ्यास. मग तो मोठा पूर आला. एरवी टेकाडाच्या पायथ्याशी थांबणारं पाणी त्या वेळी आत शिरलं. कैच्यांना वाळवी लागली, भिंती ओल धरून बसल्या, फुगल्या, आणि दाराला कुलूप लागलं. तुमच्या मुख्य कचेरीनं सांगितलं की पावसाळ्याआधी इमारत धड करा आणि आमच्या इंजिनिअरचा होकार घ्या, नाहीतर कुलूप कायमचं राहील, आणि मंडळीनं उपासनेला महाडला जावं.

तू माझ्याकडे आलास तेव्हा मला वाटलं, तुला रविवारची काळजी लागली आहे. तू म्हणालास, "यशा, रविवारचं काय, आम्ही कुणाच्याही पडवीत बसून गाऊ. पण हे दार उघडं पाहिजे. गावातल्या प्रत्येक माणसानं या दारातून आत यायला पाहिजे. ते मला बघून जायचंय." हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की मला ते भाषण वाटायला लागलं. तू 'प्रत्येक' या शब्दावर का जोर देतोस हे विचारायचं मला सुचलं नाही. बाकी साऱ्या जगाला मी प्रश्न विचारले.

ढाळ मला कसा दिसला आठवतंय ना? पहिल्याच दिवशी, शिडीवरून माझ्या हातचा नट खाली पडला आणि घरंगळत थेट दारापर्यंत गेला. मी उतरलो, तो उचलून पुढं आणला, वेदीपाशी ठेवला. पुन्हा दाराकडे. कडेला ठेवला, तरी दाराकडेच. मोरीला ढाळ असतो, गच्चीला असतो, पण देवळाच्या फरशीला ढाळ कशाला? मला असं काही दिसलं की जेवण गोड लागत नाही. मी भेटेल त्याला विचारत सुटलो. गवंडी म्हणाला, "जुना मिस्त्री पिऊन असंल." बालवाडीच्या बाई म्हणाल्या, भूकंपानं झालं असेल. वरच्या आळीचे शंकरअण्णा, सगळ्या गावात वयानं मोठे, त्यांना विचारलं तर ते विडी पेटवायला वळले आणि काडी विझेपर्यंत वळलेलेच राहिले. मग म्हणाले, "म्हाताऱ्या माणसानं काय काय ध्यानात ठेवायचं?" आणि तू म्हणालास, "जुनं झालं की सगळंच वाकतं. तू नाही का वाकलास?"

मी हसलो खरा, पण घोडं तिथंच अडलं. कचेरीतून इंजिनिअर आला. तरुण होता, सभ्य होता, त्याला दोष देता येत नाही. त्यानं फरशी बघितली आणि तोंड वाईट करून म्हणाला, पाया दाराच्या बाजूला खचलेला दिसतो. खचत्या पायावर दुरुस्ती करून उपयोग नाही. तुझा चेहरा असा पांढराफटक पडलेला मी पूर्वी बघितला नव्हता. मी त्याला म्हटलं, "साहेब, चहा येईपर्यंत थांबा. तोवर आम्ही दोन म्हातारे जरा खेळतो." आणि गवंड्याकडची पाण्याची नळी मागून घेतली.

ती लांब, आरपार दिसणारी नळी. भरली की दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत राहतं, मग मध्ये काहीही असो. पाया खचला असता तर त्याच्यावरची भिंतही कलली असती, आणि भिंतीबरोबर खिडक्यांच्या खालच्या दगडी पट्ट्याही. फरशी खोटं बोलू शकते, सगळ्या खिडक्या मिळून खोटं बोलणार नाहीत. एक टोक तुझ्या हातात, वेदीजवळच्या खिडकीशी. दुसरं माझ्या हातात, दाराजवळच्या.

"वर घे."

"किती?"

"बोटभर."

"कुणाचं बोट? तुझं की माझं?"

"दावीद, हात हलवू नकोस."

"मी नाही हलवत, पाणीच हलतंय. तुझ्याकडे बघून घाबरलं असेल."

दोन्ही पट्ट्या पातळीत निघाल्या. मग आपण बाहेरून दगडांचे थर तपासले, एकेक करून; तेही पातळीत. भिंत ताठ उभी होती, ढाळ फक्त फरशीला होता. इंजिनिअर स्वतः येऊन वाकून बघून गेला, पुन्हा एकदा मोजायला लावलं, आणि पाया शाबूत असल्याचा होकार देऊनच चहाला बसला. तू नळीतलं पाणी माझ्या पायांवर ओतलंस आणि म्हणालास, "झाला तुझा बाप्तिस्मा. आता काम अर्धवट टाकून पळता यायचं नाही." त्या दिवशी तू वहिनींना करायला लावलेली तांदळाची भाकरी आणि कोलीम मी अजून विसरलेलो नाही.

पण भांडण सुरू झालं ते तिथूनच. खचलेली नाही म्हणजे फरशी मुद्दाम उतरती केली. कुणी? कशासाठी? मला तर गुदगुल्या व्हायला लागल्या. आणि तू म्हणालास, "मुद्दाम असो नाहीतर चुकून, सरळ करून टाक." मुंबईला असलेल्या तुमच्या पोरांनी टाइल्स पाठवायचं कबूल केलं होतं. गुळगुळीत, तोंड दिसेल अशा. तुला त्या हव्या होत्या. आमच्या कारखान्यात नवीन पोरगा आला की त्याला आम्ही पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो: कुठली लाइन कशाची आहे हे कळल्याशिवाय वॉल्व्ह फिरवायचा नाही. मी तुला तेच सांगत राहिलो. का आहे ते कळू दे, मग सरळ कर, वाकडी कर, वर रांगोळी काढ. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एकदा दुपारी डबा खाताना मी सहज म्हटलं, "मला वाटतं, इथं गुरं बांधत असणार. असा ढाळ गोठ्याला असतो." तू घास खाली ठेवलास. म्हणालास, "आमचं देऊळ गोठा नाही, यशवंत." एरवी यशा, नाहीतर नाक; यशवंत हे नाव तू माझ्या लग्नपत्रिकेवर छापलेलं वाचून दाखवलं होतंस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी समजूत काढायला मी म्हटलं, अरे, तुमचा देवच गव्हाणीत जन्मला, त्याला गुरांचं काय वावडं? एरवी असल्या बोलण्यावर तू मला बायबलमधून चार वचनं ऐकवली असतीस. त्या दिवशी फक्त म्हणालास, "टाइल्स येतील तेव्हा बघू."

टाइल्स यायच्या आधीच तू गेलास. मुलीला वीरच्या स्टेशनात गाडीत बसवलंस आणि परत येताना रिक्षातच. रिक्षावाल्याला वाटलं, गुरुजींना डुलकी लागली. गावात शिरल्यावर त्यानं गाडी मुद्दाम हळू घेतली म्हणे, झोप मोडू नये म्हणून. मला हे ऐकल्यावर रडू आलं, तोवर आलं नव्हतं.

त्या वेळी चर्चवर कौलं नव्हती आणि आत परांच्या बांधलेल्या होत्या. तुझी शेवटची उपासना अंगणात झाली. गाव लोटलं होतं, वरच्या आळीची माणसंसुद्धा झाडून आली होती, शंकरअण्णा काठी टेकत टेकत सगळ्यात पुढं. मला तेव्हा एवढंच वाटलं की बरं झालं, आत एवढी माणसं मावली नसती.

आणि मग कड्या. मी दिवसभर भिंतीला चिकटून होतो. गिलावा उतरत गेला तशा त्या एकेक करून निघत गेल्या. दाराच्या कोपऱ्यात, उंबऱ्याशेजारी, सिमेंटनं बुजवलेलं एक भोकही सापडलं. पलीकडे बाहेर दगडी पन्हळ, मातीत गाडली गेलेली. ढाळ, भोक, पन्हळ, कड्या. गुरंच बांधत होते! मी बरोबर होतो! मी खरोखर टाळी वाजवली, एकट्यानंच, आणि गवंडी माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत तुझ्याशी घातलेल्या वादांपैकी एवढा एक मी सपशेल जिंकलो होतो, आणि हरायला तू नव्हतास. फार फसवलंस.

आता उरला होता एकच प्रश्न. हा सिमेंटचा गिलावा कुठल्या उंटावरच्या शहाण्यानं केला? चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की आतली ओल बाहेर पडत नाही, भिंत आतून कुजते; पुरापेक्षा जास्त वाटोळं त्या गिलाव्यानं केलं होतं. या शहाण्याला मी तुझ्यादेखत किती शिव्या घातल्या असतील! तू दर वेळी मूग गिळून बसायचास. गवंडी म्हणाला, हा गिलावा काही फार जुना नाही. संध्याकाळी वहिनी किटली घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं. त्यांनी कड्यांकडे बघितलं, किटली खाली ठेवली आणि तिथंच दगडावर बसल्या.

"ह्यांनीच केला," त्या म्हणाल्या. "मोठीच्या वेळी मी पोटुशी व्हते तवा. मंडळीत ह्यांचं चालायला लागलं आणि पयलं काम हे केलं. कड्या बुजवल्या, वरनं ऑइल पेंट दिला."

"पण का? त्याला माहीत होतं सगळं?"

"ह्यांना नाय माहीत तर कुणाला? ल्हानपनी ह्यांनी सोता वासरं बांधलीत हितं."

मग त्यांनी मला सांगितलं, तुझ्या आईकडून ऐकलेलं. हे टेकाड पहिल्यापासून गुरांचं. सावित्री चढली की सगळं गाव आपली गुरं इथं हाकायचं, कारण दुसरी उंच जागा जवळ नाही. पाद्रीसाहेबानं चर्चला जागा मागितली तेव्हा गाव म्हणालं, बांध, पण पुरात आमची गुरं इथंच येणार. साहेब म्हणाला, येऊ देत, आतच बांधू. म्हणून त्यानं फरशी उतरती केली, कड्या ठोकल्या, पन्हळ काढली. पूर ओसरला की दोन-चार घागरी पाणी मारायचं आणि रविवारी तिथंच उपासना करायची. मला तो साहेब इतका आवडला की मी म्हटलं, "वहिनी, मग यात लाजण्यासारखं काय होतं? हे तर दारावर लिहून लावायला पाहिजे!"

"गुरं आत यायची, भावजी," वहिनी म्हणाल्या. "माणसं नाय यायची."

मला आधी समजलंच नाही.

"आपल्या वस्तीतली माणसं आत. वरच्या आळीची गुरं आत. आणि वरच्या आळीची माणसं भायेर अंगणात, डोक्यावं इरली घेऊन, पावसात. आमच्यात यायची नाय ना ती. हे ल्हान व्हते. एक म्हातारी भायेर कुडकुडत व्हती, तिला आमच्या सासूबाईंनी पेज नेली तर तिनं नाय घेतली. ह्यांनी आयला इचारलं, आय, तिची गाय आत हाय, मंग ती का भायेर? सासूबाई म्हणल्या, गाय बाटत नाय, बाळा."

किटलीतला चहा निवून गेला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण दावीद, मला तर कळायला हवं होतं. आमच्या घरात पाण्याच्या गोष्टी काय कमी सांगितल्या गेल्या? आणि तू त्या सगळ्या ऐकल्यास, तळ्यावर माझ्या शेजारी उभा राहिलास, आणि स्वतःची ही एवढीशी गोष्ट मला सांगितली नाहीस. तुझा राग आला मला. अजून येतो. गिलावा का केलास, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतो आहे. तुला लाज वाटत होती, एवढं सोपं ते नसणार. तू लाजणारा नव्हतास. गुरांना दार बंद करावं म्हणून? की पोरांना कुणी 'गोठ्यातले' म्हणून चिडवू नये म्हणून? की मला हल्ली वाटतं तसं, त्या आळीतल्या माणसांसाठीच? आपल्या आजा-पणजांनी काय केलं ते भिंतीवर टांगलेलं असेल तर माणूस आत पाऊल कसं टाकणार, असा काही विचार केला होतास का? मी वहिनींना विचारलं. म्हणाल्या, "ते मला बी नाय सांगितलं." म्हणजे निदान माझ्याशीच दुजाभाव केला नाहीस, एवढं समाधान.

फरशीचं काय करायचं, हे मी त्यांच्यावर सोडलं. तुझी इच्छा टाइल्सची होती, मला तुझ्या पाठीमागे माझं घोडं पुढं दामटायचं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "फरशी तुमी बघा. ह्यांचं म्हणणं एकच व्हतं, लोक आत यायला पायजेत." तेव्हा आम्ही जुन्याच फरश्या काढून, धुऊन, चुन्यात पुन्हा बसवल्या, होत्या त्याच ढाळानं. भिंतींना चुनाच दिला. कड्यांना तेलपाणी केलं आणि उघड्या ठेवल्या. पन्हळ मोकळी केली. मुंबईच्या टाइल्स मागच्या मोरीला आणि बालवाडीच्या स्वयंपाकाच्या ओट्याला लावल्या; ओटा इतका चकाकतो की बालवाडीच्या बाई तिथं उभ्या राहून केस सारखे करतात. तुला चिडायचं असेल तर चीड.

पावसाआधी दार उघडलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पोरांनी गाणी म्हटली, गावभर पेढे वाटले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तुझ्या डोळ्यांनी बघितलं. वरच्या आळीची माणसं आली, नीटनेटके कपडे करून आली, आणि अंगणात थांबली. कुणी त्यांना अडवलं नव्हतं. त्यांच्यातल्या आया बालवाडीत पोरं सोडायला येतात त्याही दारापर्यंतच येतात, पोर आत ढकलतात आणि मागं फिरतात. नाताळच्या करंज्यासुद्धा ती माणसं दारापुढच्या ओट्याखाली उभी राहूनच घेत आली आहेत. इतकी वर्षं मी ते बघत होतो आणि मला ते दिसत नव्हतं. बहुतेकांना कारणही आठवत नसेल. पाय थांबतात एवढंच. मी शंकरअण्णांना म्हटलं, "आत या की, काम कसं झालंय बघा." ते ओट्याखालूनच म्हणाले, "दिसतंय की हितनं. चांगलं झालंय. चपला काढायच्या म्हंजे गुडघे दुखतात रे." पेढा घेतला, तोंडात टाकला आणि गेले. डागडुजी झाली होती, दावीद, पण तुझं काम झालेलं नव्हतं, आणि ते कसं करतात हे मला माहीत नव्हतं. पाइप असता तर बदलला असता.

हे सगळं मी तुला निवांत कधीतरी सांगणार होतो. आज बसून लिहितो आहे ते कालच्यामुळे.

परवापासून पाऊस थांबलेला नव्हता. काल सकाळी पन्हळ बघायला म्हणून मी गावात आलो आणि अडकलो. पोलादपूरच्या रस्त्यावर पाणी आलं, एमआयडीसीची सकाळपाळीची बसही अर्ध्यातून मागं फिरली. दुपारपर्यंत सावित्री शाळेच्या मैदानात होती. वहिनींनी घंटा वाजवायला लावली. खालची वस्ती पोराबाळांसकट आत आली, सतरंज्या पडल्या, कोपऱ्यात शेगडी पेटली आणि चहाचं मोठं पातेलं चढलं. मी दाराशी पाणी बघत उभा होतो. तेवढ्यात टेकाडाच्या वाटेनं शंकरअण्णा चढताना दिसले. ओढ्याकडच्या त्यांच्या गोठ्याची भिंत गेली होती. दोन म्हशी पुढं, मागं सून, तिच्या कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं पोर. अंगणात आले आणि थांबले. म्हशी सरळ दाराकडे निघाल्या होत्या, त्यांना त्यांनी कासऱ्यानं मागं ओढलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "मार्थाबाय, म्हशींना जागा हाय काय आत?"

वहिनी पदराला हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"हाय की, अण्णा. पण आधी तुमी आत या."

"आमी हितं बरे हाव. जनावरं तेवढी घ्या."

"नाय." वहिनींचा आवाज चढला नाही, शिवणवर्गात पोरींना टाका उसवायला सांगतात तसाच होता. "आधी माणसं, मंग जनावरं. आता हितं असंच हाय."

पाऊस नुसता कोसळत होता. अण्णांच्या टोपीवरून पाणी गळत होतं. ते वहिनींकडे बघत होते, वहिनी त्यांच्याकडे, आणि म्हशींखेरीज कुणाला घाई नव्हती. मला वाटलं, आता हे वळणार. मग सून म्हणाली, "मामा, पोर भिजतंय ओ," आणि उत्तराची वाट न बघता ओटा चढून, उंबरा ओलांडून आत गेली. वहिनींनी तिच्या कडेवरचं पोर घेतलं.

अण्णांनी कासरा माझ्या हातात दिला. चपला काढल्या. भिंतीला धरून ओटा चढले, दारात एकदा थांबले, आणि आत आले, दावीद. शेवटच्या बाकाच्या टोकाला बसले, अंग चोरून, ओल्या धोतराचं पाणी फरशीवर सोडत. वहिनींनी त्यांच्यापुढं कप धरला. त्यांनी तो घेतला. दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसते बघत राहिले, आणि मग प्यायले.

"साखर लय झाली," ते म्हणाले.

"गुरुजींना अशीच लागायची," वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी कप संपवून शेजारी ठेवला आणि दाराकडे मान वळवली. मग मी म्हशी आत घेतल्या.